उपग्रह खोटं बोलतो का?

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी आठवीच्या वर्गावर मराठीचा तास घेत होते. विषय होता बातमीलेखन. नमुना म्हणून त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी वाचून दाखवत होते. "उपग्रहाकडून मिळालेल्या माहितीनुसार" एवढे शब्द झाले आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "टीचर, उपग्रह खोटं बोलतो का?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. त्याचे अब्बा मासेमारी करतात. जून-जुलैची बंदी संपून १ ऑगस्टला हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. चार दिवस बोटी बांधून राहिल्या. त्यातले दोन दिवस तर चक्क ऊन पडले होते. घरात जे बोलले गेले तेच पोराने वर्गात विचारले. मी म्हणाले, "नाही बाळा, शास्त्रज्ञ खोटं बोलत नाहीत. बस खाली." तो बसला. पण त्याचे समाधान झालेले नाही, हे मला दिसत होते.

पुढच्या महिन्यात पालकसभेला त्याचे अब्बा आले. मुलाच्या गुणांबद्दल बोलून झाल्यावर म्हणाले, "टीचर, डिझेल भरलेलं होतं, बर्फ भरलेला होता. चार दिवसांत बर्फाचं पाणी झालं. खलाश्यांना जेवण द्यावंच लागलं. हे पैसे उपग्रह देणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान बारावीनंतर सुटले. पण "शास्त्रज्ञ खोटं बोलत नाहीत" हे काही उत्तर नव्हे, ती फक्त दटावणी आहे, ही बोच राहिली. म्हणून गेले काही महिने मी जमेल तसे वाचले, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना छळले, आणि आता हा लेख लिहीत आहे. त्या मुलाला आणि त्याच्या अब्बांना द्यायचे राहून गेलेले हे उत्तर आहे.

पहिली गोष्ट जी मला माहीत नव्हती आणि बहुतेकांना माहीत नसावी : उपग्रह वारा पाहतच नाही. वारा दिसत नाही, हे लहान मुलालाही कळते. मग सातशे किलोमीटर उंचीवरून तो मोजतात कसा? तर उपग्रह पाण्याकडे पाहतो. वाऱ्याने पाण्यावर जो शहारा उठतो, तो मोजतो.

अगदी पहाटे, वारा पडलेला असताना खाडीचे पाणी आठवा. आरशासारखे असते. त्यावर तिरकी बॅटरी मारली तर उजेड पुढच्या बाजूला निघून जातो, आपल्याकडे परत येत नाही. आता थोडा वारा सुटू द्या. पाण्यावर बारीक बारीक सुरकुत्या पडतात आणि त्यांच्यावर आपटून थोडा उजेड आपल्याकडे परततो. वारा वाढला की सुरकुत्या वाढतात, परतणारा उजेडही वाढतो. उपग्रह हेच करतो, फक्त बॅटरीच्या उजेडाऐवजी तो मायक्रोवेव्ह लहरी सोडतो. घरातल्या ओव्हनमध्ये अन्न गरम करणाऱ्या लहरी याच घराण्यातल्या. या लहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना दिवस-रात्र सारखीच. पावसाळ्यात आपला समुद्र महिनोन् महिने ढगांखाली असतो. साध्या कॅमेऱ्याला तेव्हा ढगांची पाठ दिसते, खालचे पाणी दिसत नाही. म्हणून हा मार्ग.

या उपकरणाला स्कॅटरोमीटर म्हणतात. आपल्या इस्रोने असे पहिले उपकरण ओशनसॅट-२ या उपग्रहावर बसवून २३ सप्टेंबर २००९ रोजी पाठवले. उंची ७२० किलोमीटर. एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटाला साधारण वीस वेळा फिरायची आणि दोन तिरके झोत समुद्रावर टाकायची. लहरीची लांबी सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे ती दाद द्यायची ती जवळपास दीड सेंटिमीटरच्या बारीक तरंगांना. आपण ज्यांना लाटा म्हणतो त्या मोठ्या लाटा वेगळ्या. त्या कुठल्या तरी दूरच्या वादळाने उठवलेल्या असू शकतात. पण बोटाच्या पेराएवढे हे तरंग वारा आला की लगेच उठतात आणि वारा गेला की लगेच विरतात. 'इथे आत्ता वारा किती' याची साक्ष तेच देऊ शकतात. एका फेरीत उपग्रह सुमारे अठराशे किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहायचा. मुंबईपासून मस्कतपर्यंतचा समुद्र त्यात मावेल.

दिशा कशी कळते, हा माझा पुढचा प्रश्न होता. सरांनी मला जमिनीवर पसरलेली चटई दाखवली. चटईच्या पट्ट्यांच्या दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागते, आडवा फिरवला तर खरखरीत. वाऱ्याने उठवलेले पाणीही एका बाजूने जास्त खरखरीत 'दिसते', दुसऱ्या बाजूने कमी. वाऱ्याच्या रेषेत पाहिले तर जास्त झोत परततो, आडव्या बाजूने पाहिले तर कमी. तबकडी फिरती असल्याने पाण्याचा तोच तुकडा उपग्रह पुढे जाताना एकदा आणि मागे वळून एकदा पाहतो, तेही दोन्ही झोतांनी. या चार नजरांची तुलना करून दिशा काढतात. तरीही गणितातून कधी कधी दोन, तीन, अगदी चार उत्तरे निघतात. त्यातले खरे कोणते, हे आजूबाजूच्या पाण्यावरचा वारा आणि हवामानाचे गणिती प्रारूप पाहून ठरवावे लागते.

ही विद्या जन्मली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेले सैनिक समुद्रात शत्रूची जहाजे शोधत. वारा सुटला की रडारच्या पडद्यावर समुद्राचाच इतका गोंगाट माजे की त्यात जहाज हरवून जाई. त्यांच्यासाठी तो नुसता त्रास होता. पुढे काही लोकांच्या लक्षात आले की हा त्रास वाऱ्याबरोबर वाढतो आणि वाऱ्याबरोबर कमी होतो. म्हणजे त्रास मोजला तर वारा मोजता येईल. १९७८ साली अमेरिकेने सीसॅट नावाचा उपग्रह पाठवून हे करून पाहिले. तो जेमतेम साडेतीन महिने चालला, पण गोष्ट सिद्ध झाली. मग १९९१ मध्ये युरोपचा ईआरएस-१, १९९९ मध्ये अमेरिकेचा क्विकस्कॅट, २००६ पासून युरोपचे मेटॉप, आणि मग आपले : २००९ चा ओशनसॅट-२, २०१६ चा स्कॅटसॅट-१ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेलेला ईओएस-०६. याशिवाय काही उपग्रह स्वतः काहीच सोडत नाहीत, फक्त ऐकतात. समुद्राच्या पृष्ठभागातून निसर्गतःच मंद मायक्रोवेव्ह लहरी निघत असतात. फेस आणि खरखर वाढली की त्या बदलतात. अमेरिकी लष्कराच्या उपग्रहांवरची अशी उपकरणे १९८७ पासून वाऱ्याचा वेग सांगत आली आहेत.

हे सगळे वाचताना मला राहून राहून माझे नाना आठवत होते. नाना तांडेल होते. दालदी घराण्यातले, शाळेत दोन इयत्ता शिकलेले. ते किनाऱ्यावर उभे राहून पाण्याचा रंग बघत आणि सांगत, "आज भायेर वारो हाय." बाहेरच्या पाण्यावर काळसर पट्टा दिसतो, म्हणजे तिथे वारा उतरलाय. काळसर का? कारण तिथे पाणी शहारलेले असते, आभाळाचा उजेड वेगळा परततो. म्हणजे नाना जे डोळ्यांनी करत होते, तेच उपग्रह मायक्रोवेव्हने करतो! १८०५ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी वाऱ्याची ० ते १२ अशी श्रेणी केली. पुढे प्रत्येक पायरीवर समुद्र कसा दिसतो, हे त्या श्रेणीला जोडले गेले. आरसा म्हणजे शून्य, तुरळक पांढरा फेस दिसू लागला की तीन, वगैरे. तीही पाण्याच्या चेहऱ्यावरून वारा वाचण्याचीच रीत.

मग नानांच्या आणि उपग्रहाच्या वाचनात फरक काय? एक फरक आवाक्याचा, तो उघड आहे. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समुद्रात ठिकठिकाणी तरंगते बोये नांगरून ठेवलेले आहेत. त्यांच्यावरची उपकरणे वारा प्रत्यक्ष मोजतात. उपग्रहाने सांगितलेला आकडा या बोयांच्या आकड्याशी ताडून पाहतात, चूक किती निघते ते लिहून ठेवतात आणि जाहीर करतात. ओशनसॅट-२ साठी ठरवलेली मर्यादा होती वेगात सेकंदाला २ मीटर किंवा १० टक्के, दिशेत २० अंश. म्हणजे ताशी सात किलोमीटरची चूक आम्ही धरून चाललो आहोत, असे त्याचे निर्माते आधीच सांगत होते. नानांचे अंदाजही बहुतेक बरोबर असत, पण किती वेळा चुकले याची वही कुणी ठेवली नाही. आपली चूक मोजून ती चारचौघांत सांगणे, हे विज्ञान. नाना अडाणी आणि उपग्रह शहाणा, असा हा मामला नाही.

आता मूळ प्रश्न. मग बावटा लागला आणि ऊन पडले, ते कसे?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आपण त्या एकत्र कालवतो.

एक, मोजमाप आणि अंदाज या दोन गोष्टी आहेत. उपग्रह सांगतो, आत्ता या पाण्यावर एवढा वारा आहे. उद्या काय होईल, हे तो सांगत नाही. उपग्रहाचे आकडे, बोये, जहाजे, फुगे, किनाऱ्यावरची केंद्रे असे सगळे मोठ्या संगणकात घालून उद्याचा अंदाज काढतात. अंदाज चुकतो तेव्हा उपग्रह खोटे बोललेला नसतो. डॉक्टरने ताप मोजला १०२, आणि म्हणाला उद्या वाढेल. नाही वाढला. म्हणून थर्मामीटर खोटा ठरत नाही. शिवाय बावटा वाऱ्यासाठी असतो, उन्हासाठी नाही. किनाऱ्यावर ऊन असताना पन्नास किलोमीटर आत सोसाट्याचा वारा असू शकतो.

दोन, उपग्रहाच्या नजरेलाही मर्यादा आहेत. एक उपग्रह आपल्या समुद्रावरून दिवसातून साधारण दोनदा जातो. ओशनसॅट-२ दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास जायचा. मधल्या वेळात तासाभरात उठून विरून गेलेली सरी-वाऱ्याची झड त्याला दिसणारच नाही. दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून जातात, पण मुसळधार पावसात त्यांची गडबड होते. पावसाचे थेंबच त्यांना अडवतात आणि परत पाठवतात. युरोपच्या उपग्रहांच्या लहरी साडेपाच सेंटिमीटरच्या पुढच्या आहेत, त्यांना पावसाचा त्रास कमी. आणि चक्रीवादळाच्या अगदी पोटातला भयंकर वारा दोघांनाही कमीच दिसतो, कारण पंचवीस-पंचवीस किलोमीटरच्या चौकोनाची ते सरासरी देतात आणि वारा फार वाढला की परतणारा झोत त्या प्रमाणात वाढत नाही. वादळाचे केंद्र कुठे आहे आणि धोक्याचा वारा किती लांबवर पसरला आहे, हे मात्र ते चांगले सांगतात.

तीन, आणि ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवले. स्कॅटरोमीटरला किनाऱ्याजवळचे पाणी नीट दिसत नाही. जमिनीवरून परतणारा झोत पाण्यापेक्षा कितीतरी जोरदार असतो. पंचवीस किलोमीटरच्या चौकोनात जमिनीचा तुकडा आला की सगळा हिशेब बिघडतो. म्हणून किनाऱ्यालगतची पंचवीस-तीस किलोमीटरची पट्टी बहुधा वगळावी लागते. नव्या पद्धतींनी ती कमी होत आली आहे, पण पुरती मिटलेली नाही. आता दुसरा आकडा पाहा. राज्याच्या अखत्यारीतला समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. आपल्या गावांतल्या छोट्या होड्या, एक-दोन सिलिंडरच्या बोटी, डोलीवाले, जाळीवाले हे सगळे याच पाण्यात असतात. अख्खा अरबी समुद्र मोजणाऱ्या या उपकरणाला नेमका गरिबाचा समुद्र धूसर दिसतो!

हा कुणाचा कट नाही, लहरींचा धर्मच तसा आहे. पण धूसर दिसणाऱ्या पट्टीसाठी दुसरी सोय करायची की नाही, हे माणसांनी ठरवायचे असते. किनाऱ्यावर जागोजागी वारा मोजणारी साधी केंद्रे, जवळच्या पाण्यात आणखी बोये, बारीक तपशील देणारे वेगळ्या प्रकारचे रडार-उपग्रह, या गोष्टी अस्तित्वात आहेत. वाढवता येतात. त्या मागायला हव्यात. त्या मुलाचे अब्बा रागाने जे म्हणत होते, त्यात एवढे सत्य होते : "आमच्या पाण्याचं तुम्हाला नक्की कळत नाही." त्यांना 'अडाणी' म्हणून उडवून लावणारे आपण चूक आणि ते निम्मे बरोबर.

पण निम्मेच. उरलेल्या अर्ध्याबद्दलही बोलले पाहिजे.

नोव्हेंबर २००९. फयान वादळ. ११ तारखेला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, त्याआधी अख्ख्या कोकणाला घासून गेले. माझे मामू त्या वेळी समुद्रात होते. तिसऱ्या दिवशी परतले, बोट अर्धी फुटलेली. बरोबर गेलेल्या दुसऱ्या बोटीतली माणसे परतली नाहीत. मामूंनी त्यानंतर समुद्रात पाऊल ठेवले नाही. आज मी तारखा जुळवते तेव्हा दिसते की त्या दिवशी वाऱ्यावर नजर ठेवणारे उपग्रह कक्षेत होते. क्विकस्कॅट त्याच्या शेवटच्या पंधरवड्यात होता, २३ नोव्हेंबरला त्याची तबकडी फिरायची थांबली. आपला ओशनसॅट-२ जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. युरोपचा मेटॉपही होता. मामूंच्या बोटीवर मात्र काहीच नव्हते. वर माहिती होती, खाली माणूस होता, आणि मध्ये सांगणारे कुणी नव्हते.

२०१७ च्या ओखी वादळातही हेच झाले. केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार कितीतरी दिवस आधीच खोल समुद्रात गेलेले होते. इशारा निघाला तेव्हा त्यांच्यापर्यंत पोहोचायला वाट नव्हती, कारण मोबाइलचा आवाका किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर. त्यांतल्या कितीतरी बोटी भरकटत आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहामार्फत बोटीवर इशारे देणारे जेमिनी नावाचे उपकरण आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला देशभरातल्या एक लाख बोटींवर दुहेरी संदेशाचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. या चांगल्या गोष्टी आहेत. ज्यांच्या बोटीला ते मिळणार असेल त्यांनी 'सरकार आपल्यावर पाळत ठेवतंय' म्हणून ते काढून ठेवू नये. असे बोलणारे मी ऐकले आहेत, म्हणून सांगते.

आणि आता आपल्या घरातल्या गोष्टी.

वादळाचा इशारा आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "अल्लाहच्या मर्जीपुढे कोण काय करणार?" मर्जीबद्दल वाद नाही. पण उंट आधी बांध, मग भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून प्रत्येक वाअजात ऐकत आलो आहोत. बोट म्हणजे आपला उंटच. तवक्कुल हे खबरदारीनंतरचे पाऊल आहे. खबरदारी टाळण्यासाठी त्याचे नाव घेणे म्हणजे आळसाला दीनचे कपडे चढवणे.

दुसरी सवय याच्या नेमकी उलट. उपग्रहाने वारा मोजला अशी बातमी आली की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरतो, हे तर चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. मला हे संदेश मनापासून खटकतात. पवित्र ग्रंथ माणसाला कसे जगावे ते सांगतो, तो रडारची हस्तपुस्तिका नाही. अशा संदेशाने दीनची शान वाढत नाही आणि आपल्या एकाही मुलाला स्कॅटरोमीटरचे गणित येत नाही. उलट, "आपल्याला सगळे आधीच माहीत आहे" या गुंगीत शिकायचे राहून जाते.

अभिमानच बाळगायचा तर खऱ्या गोष्टींचा बाळगू. दहाव्या शतकात अल-मसऊदी आपल्या चौलला येऊन गेला, इथल्या मुस्लिम वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले. ती माणसे वाऱ्याचा हिशेब करूनच आली होती. पंधराव्या शतकात अरब नाखुदा अहमद इब्न माजिद यांनी कोणत्या बंदरातून कोणत्या मोसमात निघावे, याच्या तपशिलांसह नौकानयनाचा ग्रंथ लिहिला. त्यांनी लिहून ठेवले, म्हणून पुढच्यांना ते तपासता आले, सुधारता आले. आणि भाषा बघा. 'मोसमी वारे' मधला मोसम अरबी. तूफान अरबी. खलाशी अरबी. बंदर फारसी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा. भूगोलाच्या पुस्तकातले 'मतलई वारे' शिकवताना माझ्या उर्दूच्या कानाला गझलचा मतला आठवतोच. समुद्राची मराठी अरबी-फारसीने खारवलेली आहे. तरी आपली मुले म्हणतात, सायन्स इंग्रजीवाल्यांचे. उर्दू माध्यमाच्या मुलाला वाटते हे मराठीवाल्यांचे, मराठीवाल्याला वाटते हे मुंबईवाल्यांचे. मी एवढ्या महिन्यांत जे समजून घेतले ते सगळे साध्या मराठीत सांगता येते, हे या लेखाने तरी पटावे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडते.

इशारा देणाऱ्यांनी प्रत्येक इशाऱ्यानंतर, तो उतरला की, बंदरावरच्या फळ्यावर मराठीत लिहावे : आम्ही काय सांगितले होते, प्रत्यक्षात कुठे किती वारा झाला, आणि चुकलो असलो तर किती. चूक कबूल केल्याने भरवसा कमी होत नाही, वाढतो. इशाऱ्यात किनाऱ्याजवळच्या होड्यांसाठी काय आणि खोल पाण्यातल्या बोटींसाठी काय, हे वेगळे सांगावे. बावट्यामुळे बुडालेल्या दिवसांची थोडी तरी भरपाई असावी. ज्याच्या घरात चार दिवसांचे पीठ नाही, त्याला "जिवापेक्षा मासे मोठे नाहीत" असे सांगणे सोपे असते. तो जीव धोक्यात घालतो तो चुलीसाठी.

आपल्या जमातींनी मशिदीच्या माईकवरून इशारे वाचावेत. बोटी पहाटे सुटतात. फजरच्या वेळी किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यात पोहोचणारा याहून चांगला आवाज दुसरा नाही. फक्त इशारा हवामान विभागाचा किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा आहे, पुढे ढकललेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश नाही, एवढे जबाबदार माणसाने आधी पाहावे. आणि तांडेलांनी, नाखव्यांनी बाहेर जे पाहिले ते लिहून ठेवावे. उपग्रहाला जी पट्टी धूसर दिसते, ती तुम्हाला रोज स्वच्छ दिसते.

हे सगळे मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत, दोन-तीन दिवस तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. परातीत पाणी घेऊन, त्यावर फुंकर मारून, मोबाइलच्या बॅटरीने दाखवले. त्याने ते घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी तो अब्बांचा प्रश्न घेऊन आला : "मग आपल्या पट्ट्यातला वारा कोण मोजतं?"

आता त्याने एक वही घातली आहे. तीन रकाने : इशारा काय होता, अब्बांनी पाण्यावर काय पाहिले, खरे काय झाले. पहिल्या महिन्यात अब्बा पाच वेळा चुकले आणि इशारा चार वेळा. अब्बांना हे आवडलेले नाही, पण वही ते रोज मागून बघतात. किनाऱ्यावरच्या इतर शाळांतल्या शिक्षकांनी अशी वही सुरू केली तर मला कळवा. वर्षाअखेर आपण सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि अब्बांचा तो प्रश्न त्या वह्यांसकट जिथे विचारायला हवा तिथे विचारू.